ताशी ३० की ५०? घरांसमोरच्या रस्त्याचं गणित

घरांच्या रांगांमधून जाणाऱ्या रस्त्यावर वेगमर्यादा ५० वरून ३० वर आणायची म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो: वीस किलोमीटरने असा काय फरक पडणार आहे? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र मतांवर सोडायची गरज नाही, ते कागदावर मांडता येतं.

समजा, उभ्या गाडीच्या आडून अचानक कोणीतरी रस्त्यावर आलं. चालकाच्या डोळ्यांनी ते टिपायचं, मेंदूने ओळखायचं आणि पाय ब्रेकवर जायचा, यात सावध माणसाचाही साधारण एक सेकंद जातो. त्या सेकंदात गाडी आधीच्याच वेगाने पुढे सरकत असते: ताशी ३० असेल तर ८.३ मीटर, ताशी ५० असेल तर १३.९ मीटर. खरं ब्रेक लागणं त्यानंतर सुरू होतं. रस्ता कोरडा आणि टायर चांगले असतील तर ३० ची गाडी आणखी पाच मीटरांत थांबते, ५० च्या गाडीला आणखी चौदा मीटर लागतात. एकूण हिशेब झाला सुमारे १३ मीटर आणि २८ मीटर.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले की खरी गोष्ट दिसते. ३० ने येणारी गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, तिथे ५० ने येणाऱ्या गाडीचे ब्रेक अजून लागलेलेही नसतात. त्या जागी उभ्या माणसापर्यंत पहिली गाडी पोचत नाही, दुसरी पुऱ्या पन्नासच्या वेगाने आदळते. ‘मग तडजोड म्हणून ४० करू’ असं बैठकीत कोणी ना कोणी सुचवतंच. ४० ने येणाऱ्या गाडीला ब्रेक मारायला जेमतेम दोन मीटर मिळतात आणि ती ताशी ३५ च्या आसपास वेगाने धडकते. त्या जागेपुरती तडजोड उरत नाही.

धडक किती जीवघेणी, हे वेगाच्या वर्गावर, म्हणजे वेग गुणिले वेग यावर अवलंबून असतं. ३० ची ५० झाली म्हणजे वेग पावणेदोन पटीपेक्षाही कमी वाढला, पण गतिज ऊर्जा २.८ पट झाली. अंदाज यायला पडण्याची उंची घ्या: साडेतीन मीटरवरून पडलेली वस्तू जमिनीवर ताशी ३० च्या वेगाने आदळते, तर ताशी ५० गाठायला तिला जवळपास दहा मीटरवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडावं लागतं.

इथे एक सावधगिरी हवी. ‘५० च्या वेगाने धडक बसली की बहुतेक पादचारी मरतातच’ अशा अर्थाचे आलेख अजून फिरत असतात. ते जुन्या माहितीवर बेतलेले आहेत. किरकोळ मार लागलेल्यांची नोंद कमी होते आणि मृत्यूंची जवळपास सगळी होते, त्यामुळे त्यांत धोका फुगून दिसतो. ही चूक दुरुस्त करून जर्मनीतल्या अपघातांचं नव्याने विश्लेषण २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात ५० च्या वेगाला पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता ४० च्या दुपटीहून जास्त आणि ३० च्या पाचपटीहून जास्त निघाली. आकडे खाली आले, वक्राचा चढ मात्र तसाच राहिला. शिवाय ही सरासरी आहे. जी धडक तिशीतला माणूस सहन करतो, ती सत्तरीतल्या शरीराला झेपत नाही. मला अतिशयोक्त आकड्यांची चीड येते ती याचसाठी: खरे आकडे पुरेसे बोलके असताना खोट्यांनी आपलीच बाजू लंगडी होते.

आतापर्यंतचा सगळा विचार चालकाच्या बाजूने झाला. रस्ता ओलांडणाऱ्याच्या डोळ्यांचं काय? समोरून येणारी वस्तू किती वेगाने जवळ येतेय, हे आपण मुख्यतः तिची प्रतिमा दृष्टिपटलावर किती झपाट्याने मोठी होतेय यावरून ओळखतो. थेट आपल्याकडे येणारी गाडी दूर असताना डावी-उजवीकडे सरकताना दिसत नाही, फक्त किंचित फुगत जाते. गाडी जितकी वेगवान, तितकी ओलांडण्याचा निर्णय घेण्याच्या क्षणी ती लांब असते आणि तिचं फुगणं तितकंच सूक्ष्म. लंडन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची ही क्षमता मोठ्यांच्या तुलनेत मोजली. ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा वेगाने येणारी गाडी जवळ येतेय हेच मुलांना काही परिस्थितींत खात्रीने ओळखता येत नव्हतं. यात बेशिस्त किंवा धांदरटपणा नाही, त्या वयात दृष्टीची ही यंत्रणा पुरती पिकलेलीच नसते. ‘नीट बघून रस्ता ओलांड’ हे सांगणं योग्यच, पण ५० ने येणाऱ्या गाडीसमोर मूल नीट बघूनही चुकू शकतं. तीसच्या आकड्याला माझ्या मते याहून भक्कम आधार नाही.

वेळ किती वाया जातो, हाही आक्षेप पटकन तपासू. एक किलोमीटर सलग ५० ने गेलं तर ७२ सेकंद लागतात, ३० ने गेलं तर १२०. फरक ४८ सेकंदांचा, आणि तोही वळणं, चौक, अडथळे यांपैकी काहीच मध्ये आलं नाही तर. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचं अंतर बहुधा याहून कमीच असतं.

मग फलक बदलले की काम झालं? नाही, आणि बहुतेक गावं इथेच अडतात. ब्रिटनमध्ये निवासी भागांत केवळ फलक लावून २० मैलांची मर्यादा आणली, त्याचा मोठा सरकारी अभ्यास २०१८ मध्ये आला. निवासी रस्त्यांवर गाड्यांचा मध्यक वेग, म्हणजे निम्म्या गाड्या ज्याच्या आत राहतात तो वेग, ताशी फक्त ०.७ मैलाने घटला होता. याउलट लंडनमध्ये जिथे फलकांसोबत गतिरोधक, अरुंद केलेले रस्ते असे प्रत्यक्ष बदल झाले, त्या भागांत १९८६ ते २००६ या काळात अपघातांत मृत वा जखमी होणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांनी घटल्याचं दुसऱ्या एका अभ्यासात आढळलं. अपघात शेजारच्या रस्त्यांवर ढकलले गेले, असंही दिसलं नाही.

चालक वेग ठरवतो तो प्रामुख्याने रस्त्याकडे पाहून. सरळ, रुंद, दूरवर मोकळा दिसणारा रस्ता ‘पळव’ म्हणतो आणि फलक ‘हळू’ म्हणतो. ऐकलं जातं रस्त्याचंच. वाढत्या गावाची अडचण नेमकी ही आहे. कालपर्यंत शेतांमधून जाणारा, गाड्या झटकन निघून जाव्यात म्हणून आखलेला रस्ता आज दोन वसाहतींमधला रस्ता झालेला असतो. घरं आली, शाळा आली, रस्त्याचा आकार तोच राहिला. त्यात मर्यादा ठरवण्याची एक जुनी पद्धत आहे: १०० पैकी ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत राहतात तो वेग मोजायचा आणि मर्यादा त्याच्या आसपास ठेवायची. महामार्गावर हे ठीक. घरांसमोर मात्र याचा अर्थ असा होतो की रुंद रस्ता जोरात जायला सांगतो, लोक जोरात जातात, आणि तोच वेग योग्य ठरवला जातो. पायी चालणाऱ्याला कोणी मोजतच नाही.

यावरचे उपाय साधे आहेत. मार्गिका, म्हणजे गाड्यांच्या एका रांगेपुरता पट्टा, तीन मीटर किंवा त्याहून कमी रुंद ठेवायची. चौकातल्या कोपऱ्याची गोलाई लहान ठेवायची, म्हणजे वळताना गाडीला हळू व्हावंच लागतं आणि पादचाऱ्याचं ओलांडण्याचं अंतरही घटतं. पादचारी जिथे ओलांडतात तिथे रस्ताच पदपथाच्या उंचीला आणायचा. गतिरोधक करायचाच तर कंबर मोडणारा उंचवटा नको. १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या प्रयोगांतून निघालेला गतिरोधक गाडी जाण्याच्या दिशेने ३.७ मीटर लांब आणि जेमतेम १० सेंटिमीटर उंच होता. हळू जाणाऱ्याला तो फारसा जाणवत नाही, वेगात येणाऱ्याला चांगलाच जाणवतो. रुग्णवाहिकेच्या मार्गावर पूर्ण रुंदीचा गतिरोधक न घालता सुटे उंचवटे ठेवतात. रुंद वाहनाची चाकं त्यांच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात.

सगळेच रस्ते तीसचे करायचे नसतात. मुख्य रस्ता विनाकारण संथ झाला तर तीच वाहतूक आडवाटेने घरांसमोर शिरते. ऑस्ट्रियातल्या ग्राझने १९९२ मध्ये नेमकी ही विभागणी केली: मुख्य रस्त्यांवर ५०, बाकी सगळीकडे ३०. त्यामुळे प्रत्येक गल्लीसाठी वेगळा वाद घालावा लागला नाही, रस्ता कोणत्या गटातला एवढंच ठरवायचं होतं.

गाव अजून वाढत असेल तर हे ठरवायला सर्वांत सोयीची वेळ नव्या वसाहतीचा नकाशा मंजूर होण्यापूर्वीची असते. तेव्हा कोपऱ्याची गोलाई बदलणं म्हणजे कागदावरची एक रेघ बदलणं. घरं उभी राहिल्यावर त्याच बदलासाठी गटार, विजेचे खांब, जलवाहिनी आणि कुंपणं हलवावी लागतात.