रुपयाचे अवमूल्यन, १९६६

भारत सरकारने ६ जून १९६६ रोजी रुपयाच्या अधिकृत विनिमय दरात केलेली घट. अमेरिकन डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर व ब्रिटिश पौंड १३.३३ रुपयांवरून २१ रुपयांवर गेला. रुपयाचे सोन्यातील सममूल्य ०.१८६६२१ ग्रॅमवरून ०.११८४८९ ग्रॅमवर आले, म्हणजे ३६.५ टक्क्यांनी घटले. तेच डॉलरच्या बाजूने मोजल्यास त्याची रुपयांतील किंमत ५७.५ टक्क्यांनी वाढली. तत्कालीन लिखाणात हे दोन्ही आकडे आढळतात. त्यांत विसंगती नाही. सप्टेंबर १९४९ मधील पहिले अवमूल्यन पौंडाच्या पाठोपाठ झाले होते. १९६६ चे अवमूल्यन भारताने एकट्याने केले आणि तेही पंतप्रधान व अर्थमंत्री ही दोन्ही पदे नुकतीच नव्या हाती गेली असताना. सत्तांतराचा आर्थिक धोरणावरील परिणाम अभ्यासण्यासाठी म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी : १९६२ व १९६५ ची युद्धे, वाढलेला संरक्षणखर्च आणि तिसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या (१९६१–६६) आयातीची गरज यांमुळे परकीय चलनाची गंगाजळी आटत गेली. दर बदलण्याऐवजी सरकारने प्रथम आडवाटा काढल्या. त्यांतील मुख्य वाट म्हणजे निर्यातीच्या बदल्यात मिळणारे आयात परवाने. अभियांत्रिकी माल, रसायने, कापड इत्यादींच्या निर्यातदाराला मिळवलेल्या परकीय चलनाच्या ठरावीक हिश्शाइतका आयात परवाना मिळे. आयात माल दुर्मीळ असल्याने अशा परवान्याला बाजारात दर्शनी किमतीहून बरेच जास्त मोल येई. हे अधिमूल्य धरून चालल्यास त्या निर्यातदाराला एका डॉलरमागे ४.७६ हून अधिक रुपये पडत. चहा व ताग यांना मात्र ही सवलत नव्हती. थोडक्यात, ज्या मालाला सवलत होती त्याच्यापुरते अवमूल्यन जून १९६६ पूर्वीच घडून आले होते. फक्त ते मालागणिक वेगळे होते व कागदावर दिसत नव्हते.

निर्णयाचा उगम : हा सर्वांत वादग्रस्त भाग होय. जागतिक बँकेने बर्नार्ड बेल यांच्या नेतृत्वाखाली भारतात पाठवलेल्या अभ्यासगटाने १९६५ मध्ये आयात नियंत्रणे सैल करणे, शेतीला अग्रक्रम देणे आणि विनिमय दर बदलणे अशा शिफारशी केल्या. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचा अवमूल्यनाला ठाम विरोध होता. त्यांनी ३१ डिसेंबर १९६५ रोजी पद सोडले आणि सचिंद्र चौधुरी अर्थमंत्री झाले. ११ जानेवारी १९६६ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे ताश्कंदला निधन झाले. काँग्रेस संसदीय पक्षाच्या निवडणुकीत मोरारजी देसाई यांचा ३५५ विरुद्ध १६९ मतांनी पराभव करून इंदिरा गांधी २४ जानेवारीला पंतप्रधान झाल्या.

शास्त्रींनी अवमूल्यनाला तत्त्वतः संमती दिली होती काय, याविषयी एकमत नाही. पंतप्रधानांचे सचिव एल. के. झा यांच्यासह तत्कालीन वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या कथनाच्या आधारे एक पक्ष मानतो, की निर्णयाचा पाया १९६५ च्या उत्तरार्धातच घातला गेला होता आणि कृष्णम्माचारींच्या जाण्याने त्यातील अडसर दूर झाला. दुसरा पक्ष बाह्य दबावावर बोट ठेवतो : सप्टेंबर १९६५ च्या युद्धात अमेरिकेने मदत थांबवली होती, इंदिरा गांधींनी मार्च १९६६ मध्ये वॉशिंग्टनला अध्यक्ष जॉन्सन यांची भेट घेतली आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत दर बदलला. कृष्णम्माचारींच्या राजीनाम्याचाही अर्थ दोन प्रकारे लावला जातो. काही जण तो त्यांच्या अवमूल्यनविरोधाशी जोडतात, पण त्याचे प्रत्यक्ष निमित्त त्यांच्यावरील आरोपांच्या चौकशीचा प्रश्न हे होते. सर्व बाबी एकत्र पाहता पहिले मत अधिक पटते, कारण शिफारशी, विरोध आणि प्रशासकीय तयारी या तिन्ही गोष्टी शास्त्रींच्या काळात दिसतात. मात्र निर्णय केव्हा आणि कोणत्या राजकीय बळावर अमलात आणायचा, हे नव्या नेतृत्वानेच ठरवले आणि त्याची किंमतही त्यालाच मोजावी लागली.

नव्या सरकारात योजनामंत्री अशोक मेहता व अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम निर्णयाच्या बाजूने होते. व्यापारमंत्री मनुभाई शाह यांचा विरोध होता. काँग्रेस अध्यक्ष के. कामराज यांना निर्णय अगदी अखेरीस कळवण्यात आला व ते नाराज झाले. साम्यवादी पक्ष तर विरोधात होतेच, पण खुद्द काँग्रेसमध्येही कडवट टीका झाली.

परिणाम : अवमूल्यनाबरोबरच निर्यातीचे आयात परवाने रद्द झाले आणि चहा, ताग इ. पारंपरिक मालावर निर्यात कर बसला. त्यामुळे निर्यातदाराच्या हाती पडलेला प्रत्यक्ष लाभ ५७.५ टक्क्यांहून पुष्कळच कमी होता. जगदीश भगवती व टी. एन. श्रीनिवासन या अर्थतज्ज्ञांच्या विवेचनात ही बाब नेमकेपणाने मांडलेली आहे. निर्यात वाढली नाही म्हणून अवमूल्यन फसले, असे सरसकट म्हणताना ती बहुधा विसरली जाते. शिवाय १९६५–६६ व १९६६–६७ ही लागोपाठ दोन वर्षे अवर्षणाची होती. अन्नधान्याचे उत्पादन १९६४–६५ मधील सुमारे ८.९ कोटी टनांवरून पुढील वर्षी ७.२ कोटी टनांवर आले. ताग, कापूस, तेलबिया हा उद्योगांचा कच्चा मालही तुटला आणि महागाई भडकली. तिचे खापर अवमूल्यनावर फुटले, ते पूर्णतः न्याय्य नव्हते.

भारताला कर्ज व साहाय्य देणाऱ्या देशांच्या मदतगटाने १९६६–६७ साठी सुमारे ९० कोटी डॉलरची प्रकल्पेतर (विशिष्ट प्रकल्पाशी न बांधलेली) मदत देऊ केली. तिच्या आधारे ५९ अग्रक्रमी उद्योगांना कच्चा माल व सुटे भाग आयात करण्याची मोकळीक मिळाली. पुढील वर्षांत ही मदत त्या प्रमाणात आली नाही. अमेरिकन गव्हाची मंजुरी जॉन्सन यांनी १९६५ पासूनच थोड्याथोड्या मुदतीपुरती ठेवली होती. जुलै १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी उत्तर व्हिएतनामवरील बॉम्बवर्षाव थांबवण्याचे आवाहन केल्यावर उभय देशांतील संबंध आणखी ताणले गेले. ज्या वर्षी भारताने सुमारे एक कोटी टन धान्य आयात केले, त्याच वर्षी हे घडले.

१९६७ च्या निवडणुकीत लोकसभेतील काँग्रेसच्या जागा ३६१ वरून २८३ वर आल्या. मोरारजी देसाई उपपंतप्रधान व अर्थमंत्री झाले. चौथी पंचवार्षिक योजना एप्रिल १९६९ पर्यंत लांबली. मधल्या तीन वार्षिक योजनांच्या काळातच पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले (१९६७). आयातीवरील नियंत्रणे पुन्हा आवळली गेली. जुलै १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. अवमूल्यनाच्या कटू अनुभवाने इंदिरा गांधींना डावीकडे वळवले, असे अनेक अभ्यासक मानतात. पक्षांतर्गत सत्तासंघर्षाचा वाटा त्यात निदान तितकाच होता, असे मानावयास जागा आहे. त्यानंतर रुपयाचे औपचारिक अवमूल्यन थेट जुलै १९९१ मध्ये, पुन्हा नवे सरकार आल्यावर, दोन टप्प्यांत झाले.

भारताबाहेर या निर्णयाचा थेट फटका इराणी आखाताला बसला. तेथे रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून काढलेला स्वतंत्र ‘आखाती रुपया’ चाले आणि तोही त्याच प्रमाणात घसरला. कतारने आणि अबू धाबी वगळता दुबईसह ट्रूशल राज्यांनी (आजची संयुक्त अरब अमिराती) १९६६ मध्येच तो सोडून प्रथम सौदी रियाल व मग आपले संयुक्त चलन स्वीकारले. अबू धाबीने बहारीनचा दिनार घेतला. ओमानात आखाती रुपया १९७० पर्यंत चालू राहिला.