चवथीआधीची तोडफोड आणि नऊ इंची लादी

फोंड्याला नात्यातल्या एका फ्लॅटमध्ये चवथीच्या आधीची डागडुजी चालू होती. हॉलमधली जुनी, पिवळट-राखाडी, प्लास्टिकसारखी लादी काढायला घेतली होती. मेस्त पटाशी घालून एकेक लादी उचलत होता. ती कटकन मोडायची आणि खाली डांबरासारखा काळा थर दिसायचा. तो थर घासून काढायला ग्राइंडर आणून ठेवला होता. मदतीला आलेला मुलगा सुक्या झाडूने चुरा गोळा करत होता. मी लादीची बाजू मोजली, ती नेमकी नऊ इंच भरली. तेव्हाच काम थांबवायला सांगितले.

नऊ इंची लादी म्हणजे तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस हा धोकादायक खनिज धागा असणारच, असे मुळीच नाही. डोळ्यांनी ते ओळखता येत नाही, तुकडा प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. पण गेल्या शतकाच्या मध्यावर हे माप, हा काळा डिंक आणि हा खनिज धागा बऱ्याचदा एकत्र असत. अमेरिकेत १९२० च्या दशकात डांबरी लाद्यांत अ‍ॅस्बेस्टॉस घालू लागले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर विनाइलच्या लाद्यांतही ते आले. लादी मजबूत होई, उष्णतेने आकार सोडत नसे, शिवाय स्वस्त पडे. आपल्याकडेही हा माल आडबाजूचा नव्हता. ‘पीव्हीसी-अ‍ॅस्बेस्टॉस’ फरशीसाठी भारतीय मानक संस्थेचे स्वतंत्र मानक होते, आयएस ३४६१.

गोव्यातल्या जुन्या घरांची जमीन मात्र या बाबतीत निर्दोष आहे. शेणाने सारवलेली वसरी, तांबडा कोबा, भाजक्या मातीच्या लाद्या, मोझॅइक, यांतल्या कशातच हा धागा घालण्याची गरज नव्हती. आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉस जास्त आले ते डोक्यावर, ‘सिमेंटचे पत्रे’ होऊन. सिमेंटमध्ये हा धागा मिसळून पत्रे करण्याची रीत ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक यांनी १९०० च्या सुमारास शोधली. गोठा, गॅरेज, गच्चीवरची पावसाळी शेड, सगळीकडे ते पत्रे दिसतात. प्रश्न दोन्हींचा एकच आहे: वस्तू शाबूत असेपर्यंत धागा आत बांधलेला राहतो. लादीवरून चालल्याने आजार होतो, असे समजून घाबरण्याचे कारण नाही. मोडली, घासली, भोके पाडली, सुकी झाडली की धागे हवेत जातात.

ते धागे इतके बारीक असतात की श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. शरीराला ते पचवता येत नाहीत. तिथे व्रण धरतो, फुप्फुस हळूहळू ताठर होते. फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाभोवतीच्या पातळ आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, हे दोन्ही यातून होऊ शकतात. सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. आणि हे सगळे उघड व्हायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षे लागतात. म्हणून तोडणाऱ्याला त्या दिवशी काहीच जाणवत नाही, फार तर खोकला येतो.

ही माहिती नवी असती तर एवढा जीव जळला नसता. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या कारखान्यात हा धागा कातणारी नेली केर्शॉ १९२४ साली, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी वारली. तिच्या फुप्फुसात सापडलेल्या कणांवर डॉ. विल्यम कुक यांनी त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले. १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांनी सरकारसाठी केलेल्या पाहणीत तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी ९५ जणांची फुप्फुसे बिघडलेली निघाली. पुढच्याच वर्षी तिथे कारखान्यांसाठी धुळीचे नियम झाले. म्हणजे विनाइलच्या लाद्या घराघरांत जाण्याच्या कितीतरी आधी धोका कागदावर आला होता.

१९६० साली दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले, तो खरा वळणाचा टप्पा. त्यांतले कित्येक जण अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणीत कधी कामालाच नव्हते, नुसते खाणींच्या परिसरात राहिले-वाढले होते. त्यानंतर हा आजार फक्त कामगारांचा आहे, असे म्हणायला जागा उरली नाही.

पोर्तुगीज भाषेत अ‍ॅस्बेस्टॉसला ‘अमियांतो’ म्हणतात. युरोपीय संघाच्या नियमामुळे पोर्तुगालमध्ये त्याच्या वापरावर २००५ पासून बंदी आहे आणि सरकारी इमारतींतून ते काढण्यासाठी २०११ मध्ये वेगळा कायदा झाला. भारतात १९८६ पासून खाणींना नवे परवाने देणे थांबले. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कारखान्यांना कामगारांच्या तब्येतीची नोंद नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांत जो काळ उशिरा संपेल तोवर ठेवायला सांगितले. पण पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस, त्याचाच एक प्रकार, बाहेरून येतच राहिले. आणि ती नोंद कारखान्यातल्या माणसाची. आज फोंड्यात, उद्या म्हापशात लादी तोडणाऱ्या मेस्ताची नोंद कोण ठेवणार? तो कुणाच्या हजेरीपटावरच नसतो.

त्या फ्लॅटमध्ये मग उरलेली लादी तशीच ठेवून तिच्यावरून नवी लादी बसवायचे ठरले. सोपा आणि सुरक्षित उपाय तोच. मोडलेल्या तुकड्यांवर आधी पाणी मारून ते ओले केले, जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत भरून तोंड घट्ट बांधले. चुरा ओल्या फडक्याने टिपला आणि फडकीही त्याच पिशवीत टाकली. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरला हात लावू दिला नाही, कारण त्यातून बारीक धूळ मागून पुन्हा खोलीत येते. मेस्त हे सगळे पाहत होता. पिशवी बांधून झाल्यावर त्याने विचारले, अशा लाद्या मी आजवर किती घरांत काढल्या असतील? मग स्वतःच बोटांवर मोजू लागला, आणि दोन्ही हातांची बोटे संपल्यावर थांबला.