शालेय हजेरी (नागपूर)

शालेय हजेरी म्हणजे पटावरचे मूल रोज आणि वेळेवर शाळेत येते का, आजारी पडले तर केव्हा परतते, याची नोंद आणि त्यामागचे नियम. नागपुरात महापालिकेच्या, अनुदानित आणि सीबीएसईच्या शाळा एकाच वस्तीत आढळतात. त्यांच्या नियमपत्रिका वेगळ्या असल्या तरी आठवीपर्यंतचा पाया बहुतांशी शिक्षण हक्क कायदा, २००९ हाच आहे. त्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरावी लागते. मुलाच्या हजेरीविषयी पालकांशी नियमित बोलणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, आणि खाडे फार झाले म्हणून आठवीपर्यंत कोणाला शाळेतून काढता येत नाही.

नागपूरचे शालेय वर्ष उन्हावर चालते. राज्यात इतरत्र जूनच्या मध्याला शाळा उघडतात, विदर्भात त्यानंतर एक-दोन आठवड्यांनी. उन्हाळा लागला की सकाळची शाळा सुरू होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, सहसा स्थानिक सुट्टी असते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरासारख्या प्रसंगी प्रशासन सुट्टी जाहीर करते; तो खाडा धरला जात नाही.

परिपाठ सुरू झाल्यावर पोचलेले मूल उशिरा आले असे धरतात. दैनंदिनीत शेरा पडतो, त्यावर पालकांची सही लागते, शेरे वाढले की शाळेतून बोलावणे येते. मात्र उशीर बहुधा मुलाच्या हातात नसतो. व्हॅनवाले काका आधीच्या गल्लीत अडकतात, हिवाळी अधिवेशनात मोर्चांमुळे सीताबर्डीकडचे रस्ते तुंबतात. म्हणून उशिराबद्दल मुलाला उन्हात उभे करणे अन्यायाचे आहे, आणि शारीरिक शिक्षा व मानसिक छळाला कायद्याच्या कलम १७ ने बंदीच आहे. लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला.

आजारपणात पालकांची खरी कसोटी लागते. सकाळी तापाचे औषध पाजून मूल शाळेत धाडले की औषधाचा असर उतरताच, दुपारच्या डब्याच्या सुमारास, ते पुन्हा फणफणते; तोवर बाकावरच्या शेजाऱ्यालाही लागण झालेली असू शकते. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तेव्हाच मुलाला पाठवावे. कांजिण्यांना घरोघरी ‘माता आली’ म्हणतात, कडुनिंबाच्या पाल्याने आंघोळही घालतात. शाळेत परतण्याची खूण मात्र एकच: नवा फोड नाही आणि जुन्या सगळ्या फोडांवर खपली धरलेली. गोवरात पुरळ उठल्यापासून ४ दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून ५ दिवस मूल घरीच हवे. डेंग्यू डासांमुळे पसरतो, मुलाजवळ बसल्याने नाही. त्यात सुट्टी लागते ती विश्रांतीसाठी. कोणताही आजार असो, त्याच सकाळी वर्गशिक्षकांना कळवावे आणि मूल परतताना रजेचा अर्ज द्यावा. सुट्टी लांबली तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे.

दहावी-बारावीला ७५ टक्के हजेरीची अट राज्य मंडळ आणि सीबीएसई दोन्हीकडे आहे. गंभीर आजारासारख्या कारणांसाठी सीबीएसई २५ टक्क्यांपर्यंत सवलत देते. कागदपत्रे मात्र त्या-त्या वेळीच जमा केलेली असावीत. परीक्षा तोंडावर आल्यावर प्रमाणपत्रासाठी धावणाऱ्या पालकांची फार ओढाताण होते. काही शाळा १०० टक्के हजेरीला बक्षीस देतात. ही प्रथा बंद व्हायला हवी, कारण त्या बक्षिसापायी मुले अंगात ताप असताना शाळेत येऊन बसतात.

गरीब घरांत खाड्याची कारणे वेगळी. थोरल्या मुलीला धाकट्या भावंडासाठी घरी ठेवले जाते. अशा मुलींसाठी राज्याने १९९२ मध्ये उपस्थिती भत्ता सुरू केला: पहिली ते चौथीतल्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त समाजांतल्या, मुख्यतः दारिद्र्यरेषेखालील मुलींना हजेरीच्या दिवसाला १ रुपया. वीटभट्टीवर आई-वडिलांबरोबर आलेली मुले तर हंगामभर मूळ शाळेत गैरहजरच दिसतात. त्यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रक आहे; ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत बसता येते. दाखला आणलेला नाही एवढ्या कारणावरून तिथल्या शाळेला आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही.