केदो (जपानी भाषेतला ‘पण’)

केदो हा रोजच्या जपानी बोलण्यातला ‘पण’ या अर्थाचा शब्द. पूर्ण रूप केरेदोमो, ते झिजत झिजत केरेदो, केदोमो आणि शेवटी केदो झालं, चारही रूपं आजही वापरात आहेत आणि चौघांचा अर्थ एकच, फरक फक्त लांबीचा आणि लांबीबरोबर येणाऱ्या अदबीचा. मित्राशी बोलताना नुसतं केदो, ऑफिसात ‘देसु केदो’ (देसु म्हणजे आदराने म्हटलेलं ‘आहे’), आणि टीव्हीवरचा निवेदक किंवा संसदेत उत्तर देणारा मंत्री असेल तर ‘देसु केरेदोमो’. उच्चार केदो असाच, द आपल्या दातातला, केडो नाही, आणि ए, ओ दोन्ही आखूड. मराठी माणसाला हे सोपं जातं, पण रोमन लिपीतून शिकलेले बरेच जण उगाच ड लावून बसतात.

जपानी व्याकरणात केदोला ‘सेत्सुझोकु जोशी’ म्हणतात, म्हणजे दोन वाक्यं जोडणारा प्रत्यय (जोशी म्हणजे प्रत्यय किंवा अव्यय, आपल्याकडच्या वर्गात हा शब्द पहिल्यांदा आला की हशा ठरलेला). इथे प्रत्यय म्हणणं फार महत्त्वाचं आहे, कारण केदो पहिल्या वाक्याच्या शेपटीला चिकटतो, दुसऱ्याच्या तोंडाशी येत नाही. आपण म्हणतो ‘पाऊस आहे, पण मी जातो’, श्वास घेतो तो पण च्या आधी. जपानी माणूस म्हणतो ‘आमे दा केदो, इकु’, श्वास केदोच्या नंतर. शिकणारे ‘आमे दा’ म्हणून थांबतात आणि मग ‘केदो इकु’ म्हणतात, अर्थ कळतो पण कानाला खटकतं. तसं वाक्याच्या सुरुवातीला यायला जपानीत वेगळे शब्द आहेतच, बोलण्यात देमो आणि दाकेदो, लिखाणात शिकाशी, आणि अगदी सैल बोलण्यात केदोसुद्धा सुरुवातीला येतो, पण त्याचं मूळ घर मागच्या वाक्याच्या शेवटीच.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की केदो इंग्रजीतल्या बट वरून शिकूच नये, मराठीवरून शिकावा, आणि तेही पण वरून कमी आणि तरी वरून जास्त. ‘पाऊस असला तरी जातो’ यात तरी नेमका तिथे आहे जिथे केदो असतो, क्रियापद आधी, तरी नंतर, मग थांबा. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे हा साचा जसाच्या तसा बसतो. पुण्यात इतकी मुलं जपानी शिकतात, त्यातली बहुतेक इंग्रजी माध्यमातल्या नोट्स घेऊन शिकतात आणि हातातली मराठी बाजूला ठेवतात, याचं खरंच वाईट वाटतं.

जोडायचा नियम तसा छोटा. क्रियापद साध्या रूपात असेल तर थेट केदो: ‘इकु केदो’ (जातो पण), ‘ताबेनाइ केदो’ (खात नाही पण). ‘इ’ ने संपणारं विशेषण असेल तरी थेट, ‘ताकाइ केदो’ म्हणजे महाग आहे पण. नाम किंवा ‘ना’ गटातलं (नामाआधी ‘ना’ घेणारं) विशेषण असेल तर मध्ये ‘दा’ (साधं ‘आहे’) हवाच: ‘गाकुसेइ दा केदो’ (विद्यार्थी आहे पण), ‘शिझुका दा केदो’ (शांत आहे पण). चुका नेमक्या इथेच होतात, एकतर ‘गाकुसेइ केदो’ म्हणून दा गाळतात, नाहीतर दा ची सवय लागली की ‘ताकाइ दा केदो’ म्हणतात, आणि दोन्ही चूक. आदराने बोलायचं असेल तर ‘देसु केदो’, ‘मासु केदो’ (मासु हे क्रियापदाचं आदराचं शेपूट) म्हणायचं, तिथे हा त्रास नाही कारण ‘ताकाइ देसु केदो’ बरोबरच आहे. नवीन माणसाने सुरुवातीला देसु आणि मासु ला धरूनच राहावं.

याचा जुळा भाऊ म्हणजे ‘गा’. अर्थ तोच, पण जरा औपचारिक आणि लिखाणातला, म्हणून ‘ओइशिइ देसु गा, ताकाइ देसु’ म्हणजे ‘चवीला छान आहे पण महाग आहे’. साध्या रूपानंतर नुसता गा, जसं ‘इकु गा’, हे बोलताना कडक वाटतं, बातमी किंवा निबंधात शोभतं. गोंधळ असा की कर्त्याला लागणाराही एक गा आहे, त्यामुळे ‘आमे गा फुत्ते इमासु गा, इकिमासु’ (पाऊस पडतोय पण मी जातो) या वाक्यात दोन गा आणि दोघांचं काम वेगळं. ओळखायची खूण सोपी, नामानंतर आला तर कर्त्याचा, क्रियापदानंतर किंवा देसु, मासु नंतर आला तर पण वाला.

विरोध दाखवायचा असला की केदोबरोबर बहुतेक वेळा ‘वा’ (कशाबद्दल बोलतोय ते दाखवणारा प्रत्यय) सुद्धा येतो, दोन्हीकडे: ‘निकु वा ताबेरु केदो, साकाना वा ताबेनाइ’. आपल्याकडे याला चक्क शब्द आहे, मात्र. ‘मटण खातो, मासे मात्र खात नाही’ असं मनात म्हणून बघा, दुसरा वा बरोब्बर मात्र च्या जागी बसतो.

शब्द कुठून आला तेही बघण्यासारखं आहे. जुन्या जपानीत विशेषणाचं एक रूप केरे ने संपायचं आणि त्याला ‘दोमो’ म्हणजे ‘तरी’ जोडायचे, योकेरेदोमो म्हणजे ‘चांगलं असलं तरी’. पुढे लोकांच्या कानाला केरेदोमो हा सगळा तुकडाच ‘तरी’ वाटायला लागला आणि मुरोमाची काळाच्या (1336 ते 1573) सुमारास तो विशेषणापासून सुटून क्रियापदांनाही लागू लागला. जुना दोमो आज लिखाणातल्या ‘तो इएदोमो’ मध्ये टिकून आहे, आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘असं म्हटलं तरी’, आपल्या म्हटलं तरी ची अगदी सावली. दोमो मधला ‘मो’ म्हणजे ‘सुद्धा’. देमो मध्येही तोच मो. आणि मराठीतही ‘मी पण येतो’ मधला पण हा सुद्धा च, ‘येतो, पण उशिरा’ मधला पण वेगळ्या कामाचा. ‘सुद्धा’ आणि ‘परंतु’ असे एकाच शब्दात राहतात हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आता केदोचं दुसरं काम, आणि मला विचाराल तर हेच मोठं. बऱ्याच केदोंमध्ये विरोध नसतोच. ऑफिसातला एक फोन डोळ्यासमोर आणा. ‘सुमिमासेन, एइग्योबु नो तानाका देसु केदो’ (मी विक्री विभागातला तानाका), पलीकडून ‘हाइ’. ‘आश्ता नो काइगी नो कोतो नान् देसु केदो’ (उद्याच्या मीटिंगबद्दल होतं), पुन्हा ‘हाइ’. ‘जिकान ओ काएतेमो इइ देस् का’ (वेळ बदलली तर चालेल का). दोन केदो गेले आणि पण कुठेच नाही. इथे केदो म्हणजे ‘हे आधी सांगून ठेवतो, आता पुढचं ऐका’ अशी पायरी आहे, आणि प्रत्येक पायरीवर ऐकणाऱ्याने हाइ म्हणून होकार भरायचा असतो, हाइ आला नाही तर बोलणारा अडखळतो. नवीन मराठी इंजिनिअर इथे गप्प राहून मुख्य मुद्द्याची वाट बघतो आणि समोरच्याला वाटतं लाइन कट झाली. खरं तर आपणही हेच करतो, ‘अहो ते बिलाचं विचारायचं होतं...’ म्हणून थांबतो आणि समोरचा ‘हां, बोला’ म्हणतो.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे वाक्य केदोवरच सोडून देणं. दुकानात ‘आनो, कोरे ओ मिताइन् देसु केदो...’ म्हणायचं, म्हणजे ‘हे जरा बघायचं होतं’, आणि तिथेच थांबायचं, बाकीचं दुकानदाराने ओळखायचं. शेवटी आवाज खाली येत नाही, किंचित लोंबकळत राहतो. नकारही असाच येतो. ‘इकिताइन् देसु केदो, चोत्तो...’ म्हणजे ‘यायचं होतं हो, पण जरा...’, आणि हा पूर्ण नकार आहे, यावर ‘मग किती वाजता येता?’ विचारायचं नसतं. इच्छाही अशीच, ‘हारेरु तो इइन् देसु केदो’, उघडीप मिळाली तर बरं होईल, आणि पुढे काही नाही. समोरच्यावर पूर्ण वाक्याचं ओझं टाकायचं नाही, त्याला जागा ठेवायची, ही यामागची भावना आहे. म्हणूनच मोठ्या माणसाने काही सांगितल्यावर लगेच ‘देमो’ म्हणून तोंड उघडणं उद्धट वाटतं आणि तेच म्हणणं ‘सोउ देसु केदो’ (तसं आहे खरं, पण) असं आधी मान्य करून सांगितलं तर चालून जातं.

‘नोनी’ हा शब्दही पण, तरी याच घरातला, पण त्यात मन दुखलेलं असतं. ‘बेन्क्यो शिता केदो ओचिता’ म्हणजे अभ्यास केला पण नापास झालो, नुसती हकीगत. ‘बेन्क्यो शिता नोनी ओचिता’ म्हणजे एवढा अभ्यास करूनसुद्धा नापास! नोनी नंतर आज्ञा किंवा विनंती येत नाही. ‘सामुइ केदो, मादो ओ आकेते कुदासाइ’ (थंडी आहे, पण खिडकी उघडा) इथे केदोच हवा. आणि नामानंतर नोनी ला ‘ना’ लागतो, केदोला ‘दा’, ‘गाकुसेइ ना नोनी’ पण ‘गाकुसेइ दा केदो’, परीक्षेत हे हमखास विचारण्यासारखं.

बोलींमध्ये याची रूपं बदलतात. शिकोकु बेटावर केन्दो ऐकू येतं, तर क्युशूमध्ये हाकाता, नागासाकी, कुमामोतो भागात केदोऐवजी ‘बात्तेन’. तो इंग्रजी बट देन वरून आला अशी लोककथा सांगतात, पण तो जुन्या जपानीतूनच घडलेला मानतात. आपल्याकडे कोल्हापूरकडचा माणूस पण च्या जागी ‘खरं’ म्हणतो, ‘येणार हुतो खरं पाऊस आला’, तसंच हे. ओसाकाच्या बाजूला मात्र केदोने एक वेगळंच रूप घेतलंय, ‘शिरान्केदो’, शब्दशः ‘मला माहीत नाही पण’. समोरचा पाच मिनिटं छातीठोकपणे काहीतरी सांगतो, ते दुकान बंद होणार, अमक्याची बदली होणार, आणि शेवटी हळूच जोडतो, शिरान्केदो. आपण ‘खरंखोटं देव जाणे’ म्हणतो त्यातला प्रकार. हा शब्द इतका पसरला की 2022 साली जपानच्या वर्षातल्या गाजलेल्या शब्दांच्या पुरस्कारात पहिल्या दहात आला, आणि आता तोक्योतली मुलंही तो सर्रास वापरतात. त्या केदोच्या पुढे काही यायचं नसतं, ऐकणाऱ्याने तिथे हसून मान हलवायची आणि आपली गोष्ट सुरू करायची.