शेक संपल्यावरचे पंधरा दिवस

स्तनाच्या कॅन्सरसाठी मावशी शेक, म्हणजे रेडिएशन, घेत होती; त्यातला शेवटचा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, नऊ-दहा दिवस आधी झाला. बाहेरगावी खोली घेऊन, रेडिएशनच्या पंधरा फेऱ्या संपवून ती चोपड्याकडच्या आपल्या गावी परतली, तेव्हा घरच्यांनी हुश्श केलं. ऑपरेशन झालं, केमो झाली, आता लाईटही झाली, म्हणजे सुटलो. दवाखान्याने दिलेल्या कागदावर एवढंच होतं : तीन महिन्यांनी दाखवायला या.

आखाजीच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. काखेतली कातडी सुटली होती, झंपर चिकटत होता. "शेक त संपना, मंग आते काबर जयस?" तिने विचारलं. शेक तर संपला, मग आता का जळतंय?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर तिला निघतानाच कोणीतरी द्यायला हवं होतं. ते मिळालं नाही म्हणून ती घाबरली. काहीतरी बिघडलं, आजार परत उठला, असंच तिला वाटत होतं. स्तनाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्या बऱ्याच बायकांच्या त्वचेचे सगळ्यात वाईट दिवस उपचार संपल्यानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतात. तोपर्यंत डॉक्टर आणि नर्स रोज भेटत नसतात आणि बाई गावी पोचलेली असते.

आधी हे असं उशिरा का होतं ते बघू. आपल्याकडे कुणी रेडिएशनला शेक म्हणतं, कुणी लाईट म्हणतं. विज्ञानाला जास्त धरून आहे तो 'लाईट' हा शब्द, कारण क्ष-किरण प्रकाशाच्याच कुळातले आहेत, फक्त फार जास्त ऊर्जेचे. 1895 साली विल्हेल्म राँटगेनने ते शोधले. आज हे किरण देणाऱ्या लिनॅक यंत्रात इलेक्ट्रॉनांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळवून टंगस्टनच्या तुकड्यावर आदळवतात आणि त्यातून हे किरण निघतात. 'शेक' म्हटलं की मात्र आपल्या मनात उष्णता येते, आणि तिथेच गडबड होते. मात्रा मोजायचं एकक ग्रे. एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे. स्तनाच्या पूर्ण उपचारात पंधरा दिवसांत मिळून साधारण 40 ग्रे देतात. एवढी सगळी ऊर्जा एकदम पाण्यात ओतली तरी पाणी एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकंच तापेल. चहाच्या एका घोटात याहून कितीतरी जास्त ऊब असते. म्हणून टेबलावर पडल्या पडल्या चटका बसत नाही, काही जाणवतही नाही.

मग कातडी का सोलवटते? किरणांचा मारा पेशीच्या डीएनएवर असतो. ते काही प्रमाणात डीएनएला थेट तोडतात, आणि पेशीतल्या पाण्यापासून अत्यंत आक्रमक कण तयार करून त्यांच्यामार्फतही तोडतात. दोन्ही धागे एकाच जागी तुटले की दुरुस्ती अवघड होते. तरी पेशी लगेच मरत नाही. ती विभागायला जाते तेव्हा मरते. शेतात तणनाशक मारलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आज फवारलं तर तण आज वाळत नाही, चार दिवस हिरवंगारच दिसतं, आठ-दहा दिवसांनी पिवळं पडतं. कॅन्सरच्या पेशी दुरुस्तीत कच्च्या असतात, म्हणून रोज थोडी थोडी मात्रा देतात. मधल्या वेळात निरोगी पेशी बऱ्याचशा सावरतात, कॅन्सरच्या पेशींना तेवढं जमत नाही.

आपल्या त्वचेच्या तळाशी सतत विभागणाऱ्या पेशींचा एक थर असतो. तिथे तयार झालेल्या पेशी वर सरकत सरकत साधारण चार आठवड्यांत पृष्ठभागावर येऊन झडतात. किरणांनी या तळाच्या थराला मार बसतो. वरची जुनी कातडी काही दिवस तशीच टिकते, खालून नवीन येणं मात्र कमी झालेलं असतं. वरची झिजत जाते आणि तिची जागा घ्यायला खाली पुरेसं काही नसतं. हा तुटवडा उपचाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दिसू लागतो आणि शेवटच्या फेरीनंतर आठ-पंधरा दिवसांनी टोकाला जातो. मावशीचं नेमकं तेच झालं होतं. नंतर वाचलेल्या पेशी जोमाने वाढतात आणि चार-सहा आठवड्यांत त्वचा बहुतेक भरून येते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास चुकते. पुस्तकांत लिहिलेलं असतं की त्वचा लाल होते. गोऱ्या कातडीवर होते. आपल्या सावळ्या, काळ्या कातडीवर लाली बऱ्याचदा दिसतच नाही. जागा आधी गरम लागते, खाजते, मग तपकिरी होत होत काळी पडते. "लाल नाही ना, मग ठीक आहे" म्हणून पुढे जाणारे मी पाहिले आहेत. रंगापेक्षा बोटांना काय लागतं आणि बाई काय सांगते यावर भरवसा ठेवा. स्तनाखालची घडी आणि काख या दोन जागा रोज आरशात बघा, कारण तिथे कातडीला कातडी घासते, घाम साठतो आणि ओली जखम बहुधा तिथूनच सुरू होते. जुन्या कोबाल्ट-60 यंत्रावर उपचार झाला असेल तर लक्ष जास्तच ठेवा. त्याचे किरण कमी खोलीवरच जोर करतात, त्यामुळे त्वचेला झळ थोडी अधिक पोचते.

खान्देशात या सगळ्यात उन्हाळ्याची भर पडते. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात 45च्या पुढे जातो, अशा दिवसांत काख कोरडी ठेवणं हीच मोठी कामगिरी. मावशीने पेटीतलं आईचं जुनं सुती लुगडं काढलं, धुऊन धुऊन मलमलीसारखं झालेलं. त्याचे तुकडे करून ती स्तनाखालच्या घडीत ठेवायची आणि दिवसातून तीन-चार वेळा बदलायची. घट्ट झंपराऐवजी पुतण्याचा सैल सुती सदरा. दवाखान्यातल्या कोणत्याही महागड्या सल्ल्याइतकंच हे बरोबर होतं.

आंघोळ बंद करू नका. एके काळी "तिथे पाणी लावू नका" असं सांगायचे, आजही काही जण सांगतात. धुणाऱ्या आणि न धुणाऱ्या रुग्णांची तुलना करून झाली आहे. कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने हळुवार धुतल्याने त्रास वाढत नाही, उलट बरं वाटतं. घासायचं मात्र नाही, पंच्याने टिपून घ्यायचं. साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर चालतं. डॉक्टर सुरुवातीपासूनच मोमेटासोनसारखं स्टिरॉइडचं मलम देत असतील तर घाबरू नका, त्याने दाह कमी राहतो हे चाचण्यांत दिसलं आहे. मात्र ते त्यांनी लिहून दिलं तरच, आणि सांगितलं तेवढेच दिवस. कोरफडीचा गर लावायला शेजारणी सांगतील; त्याचा ठोस फायदा चाचण्यांत दिसलेला नाही. हळदीबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर मंगळुरूला डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांवर हळद-चंदनाच्या तयार मलमाचा एक छोटा अभ्यास झाला होता आणि त्यात फायदा दिसला होता. पण ते कारखान्यात बनलेलं मलम. घरच्या डब्यातली हळद तेलात कालवून ओल्या जखमेवर लावणं म्हणजे जंतूंना आवतण देणं. पावडर, बर्फ, गरम पिशवी, चिकटपट्टी यातलं काही त्या जागेवर नको. पू, घाण वास, ताप किंवा झपाट्याने वाढणारी सूज दिसली तर तीन महिन्यांची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

एवढा त्रास मग घ्यायचाच कशाला, असं मावशीनेही विचारलं होतं. स्तन वाचवून फक्त गाठ काढली असेल तर रेडिएशनचा फायदा फार स्पष्ट आहे. 2011 साली 17 चाचण्यांमधल्या 10,801 बायकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. आजार परत येण्याचं प्रमाण दहा वर्षांत 35 टक्क्यांवरून सुमारे 19 टक्क्यांवर आलं, आणि स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू साधारण एक षष्ठांशाने घटले. पूर्ण स्तन काढल्यावरही, काखेतल्या गाठींपर्यंत आजार पोचला असेल तर, बऱ्याचदा रेडिएशन देतात.

पूर्वी हे पाच आठवडे चालायचं, 25 फेऱ्या. ब्रिटनमधल्या दोन हजारांहून जास्त बायकांच्या चाचणीने तीन आठवड्यांतल्या 15 फेऱ्या तितक्याच गुणकारी असल्याचं दाखवलं, आणि त्वचेचा त्रासही जास्त नव्हता. 2020 मध्ये पाच फेऱ्यांच्या, एका आठवड्याच्या उपचाराचेही चांगले निकाल आले, पण तो सगळ्यांना लागू होत नाही. शिरपूरहून किंवा धडगावहून परगावी येऊन खोली घेणाऱ्या कुटुंबासाठी दहा फेऱ्या कमी म्हणजे दोन आठवड्यांचं भाडं आणि दोन माणसांची मजुरी. "माझं तीन आठवड्यांत होईल का?" हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत रेडिएशन बसतं. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपरचं तिकीट मोफत आणि सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते. त्याचा फॉर्म दवाखान्यातून भरून घ्यावा लागतो. मुंबईला जाणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा मोठा आधार असतो.

उपचाराच्या आधी सीटी स्कॅनवर आखणी करतात तेव्हा अंगावर शाईच्या रेघा मारतात किंवा सुईने बारीक ठिपके गोंदतात. रोज त्याच खुणांवर किरणांची दिशा जुळवायची असते. मावशीच्या मनगटापासून कोपरापर्यंत लहानपणीचं गोंदण आहे. टेक्निशियनने भीत भीत सांगितलं की तीन ठिपके कायमचे राहतील, तर ती म्हणाली, एवढुसं तर माझ्या हनुवटीवरही आहे. शाईच्या रेघा असतील तर घामाने पुसू देऊ नका, आणि पुसल्याच तर घरी पेनने गिरवू नका, तिथेच सांगा. आजार डाव्या बाजूला असेल तर काही ठिकाणी दीर्घ श्वास घेऊन वीसेक सेकंद रोखायला शिकवतात. छाती फुगली की हृदय किरणांच्या वाटेतून मागे सरतं. हृदयाला पोचणाऱ्या प्रत्येक ग्रेमागे पुढच्या आयुष्यातला हृदयविकाराचा धोका थोडा वाढतो हे माहीत असल्याने ही धडपड. घरी उशीवर पडून श्वासाचा सराव करता येतो.

मावशीने नातीला तीन आठवडे जवळ घेतलं नव्हतं. कुणीतरी सांगितलं होतं, अंगातून किरण निघतात. बाहेरून दिलेलं रेडिएशन अंगात उरत नाही. यंत्र बंद झालं की किरण संपले. बाई नातवंडांना कुशीत घेऊ शकते, स्वयंपाक करू शकते, नवऱ्याच्या शेजारी झोपू शकते. हे घरातल्या सगळ्यांना, विशेषतः सासूबाईंना, नीट समजावून सांगायची जबाबदारी मुलांनी घ्यावी.

थकवा दिसत नाही, म्हणून घरात त्याची कदर होत नाही. झोपून उठलं तरी न जाणारा हा थकवा दुसऱ्या आठवड्यापासून साचत जातो आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे रेंगाळतो. तो आळस नाही. पडून राहण्याने तो वाढतो, चालण्याने कमी होतो, हे अनेक अभ्यासांत आढळलं आहे. आपल्याकडे पहाटे, ऊन चढायच्या आत, वीस मिनिटं. पाणी भरणं, धुणं, भाकऱ्या मात्र तेवढे दिवस दुसऱ्या कोणीतरी कराव्यात. जेवणात पथ्याच्या नावाखाली काही तोडू नका. कळण्याची भाकरी, डाळ, अंडी, दूध, जे पचतं ते पोटभर खा, कारण नवी कातडी प्रथिनांनीच बनते. मिश्री लावत असाल तर आता सोडा. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो.

उपचार संपल्यावर सहा महिन्यांपर्यंत कधीही कोरडा खोकला, धाप किंवा बारीक ताप सुरू झाला तर डॉक्टरांना "मी छातीवर रेडिएशन घेतलंय" हे आधी सांगा. फुप्फुसाच्या त्या भागाला क्वचित सूज येते आणि तिचं औषध न्यूमोनियापेक्षा वेगळं असतं.

हाताचं प्रकरण लांब चालतं. काखेतल्या गाठी काढल्या आणि वर किरण दिले की लसिकेच्या, म्हणजे ऊतींतलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या द्रवाच्या, वाटा अरुंद होतात, हाताला सूज येऊ शकते आणि खांदा आखडतो. कापूस वेचताना बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं ओरबाडली जातात. त्या हाताची एवढीशी जखमही चिघळून सूज वाढवू शकते, म्हणून लांब बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालूनच वेचणी. त्या मनगटात घट्ट बांगड्या नकोत. "या हाताने आयुष्यभर काहीच उचलायचं नाही" हे मात्र खरं नाही. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत नेलेल्या बायकांची सूज वाढली नाही, त्रास उलट कमी झाला. आधी हलकं, मग थोडं जड, असं फिजिओथेरपिस्टला विचारून.

खांद्यासाठी मावशीला भिंतीवर बोटं चढवण्याचा आणि कप्पीवरून दोरी ओढण्याचा व्यायाम सांगितला होता. आखाजीला अंगणातल्या निंबाला झोका बांधला, पण तिला दोर धरून उभंही राहवेना. काख ओली होती. ती ओट्यावर बसून पोरींची गाणी ऐकत राहिली. तीन आठवड्यांनी कातडी भरून आली, आधीपेक्षा फिकट आणि चकचकीत. तोवर बाकीच्यांचे झोके उतरले होते. आमच्या निंबाचा दोर तिने उतरवू दिला नाही. झोक्याची फळी काढून टाकली, दोराची दोन्ही टोकं हातात घेतली, आणि आता रोज सकाळी चहाच्या आधी एका हाताने खाली ओढत दुसरा हात वर नेते. पहिल्या दिवशी तो कानापर्यंत पोचला होता.