नो डिस्प्ले (संगणकातील बिघाड)

डेस्कटॉप संगणकाचे बटण दाबल्यावर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटरवर काहीच उमटत नाही, या अवस्थेला दुरुस्ती करणारे ‘नो डिस्प्ले’ म्हणतात. हे लक्षण आहे. मॉनिटर, केबल, ग्राफिक्स कार्ड, रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) यांपैकी काहीही बिघडले तरी पडदा तसाच काळा राहतो. म्हणून सुटे भाग अंदाजाने बदलत बसण्याआधी काम नेमके कुठे अडले ते शोधावे लागते.

बटण दाबताच मदरबोर्ड एसएमपीएसला जागे करतो. १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे स्थिरावले की एसएमपीएस ‘पॉवर गुड’ हा संकेत पाठवतो; एटीएक्स या डेस्कटॉपच्या वीजपुरवठ्याच्या प्रमाणकानुसार त्याला १०० ते ५०० मिलिसेकंद लागतात. तोवर प्रोसेसर थांबूनच असतो. त्यानंतर बायॉस, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधला सुरुवातीचा प्रोग्राम, प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स तपासतो. या तपासणीला पोस्ट म्हणतात. ग्राफिक्स सुरू होण्याआधीच काही अडले, तर चूक पडद्यावर सांगायची सोयच उरत नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून बीपचा उपयोग होत आला तो त्यासाठीच: एक आखूड बीप म्हणजे सगळे ठीक, एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार. पुढे प्रत्येक बायॉसचे संकेत वेगळे झाले, तेव्हा अर्थ मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्येच पाहावा. अलीकडच्या अनेक बोर्डांवर बीपऐवजी सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट अशी नावे लिहिलेले चार छोटे दिवे असतात. जो लागून राहतो, तिथे काम अडले.

हार्ड डिस्क आणि विंडोज यांची पाळी पोस्टनंतर येते. सुरुवातीचा लोगोसुद्धा दिसत नसेल, तर विंडोज पुन्हा टाकून काहीही साधत नाही. या भलत्या उपायात लोकांचा वेळ फार वाया जातो.

पंखे फिरतात म्हणजे वीजपुरवठा ठीक आहे, हा समजही असाच फसवा. पंख्यांना १२ व्होल्ट मिळाले की पुरे. प्रोसेसरची वीज मात्र बोर्डाच्या कडेला असलेल्या वेगळ्या ४ किंवा ८ पिनांच्या जोडणीतून येते. ती लावायची राहिली, तर पंखे फिरतात आणि प्रोसेसर निपचित पडून राहतो. नुकताच उघडून जोडलेला संगणक असेल, तर आधी तिथे पाहावे.

त्याआधी बाहेरची तपासणी उरकावी. मॉनिटर योग्य इनपुटवर आहे का? वेगळे ग्राफिक्स कार्ड असताना केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये तर गेली नाही ना? इंटेलच्या ‘एफ’ अक्षराने संपणाऱ्या प्रोसेसरांना स्वतःचे ग्राफिक्स नसते. त्यांच्याबरोबर बोर्डाचे पोर्ट कधीच चित्र देणार नाही.

सगळ्यात जास्त यश रॅमपाशी मिळते. वीज बंद करून, वायर काढून रॅमच्या सगळ्या पट्ट्या बाहेर काढाव्यात. मॅन्युअल सांगेल त्या खाचेत एकच पट्टी दोन्ही टोकांना दाब देत, खटका बसेपर्यंत घालावी. एक टोक केसभर वर राहिले तरी संपर्क होत नाही, आणि वरून पाहता ते कळतही नाही. सोनेरी संपर्कपट्ट्या खोडरबराने घासायची सवय सर्रास आढळते, पण सोन्याचा थर फार पातळ असतो आणि रबराचा चुरा खाचेत जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले, धागे न सोडणारे कापड बरे. डीडीआर५ रॅम नवी बसवल्यावर बोर्ड पहिल्यांदा तिच्याशी जुळवून घेण्यात काही मिनिटे घालवू शकतो. त्या काळात वीज तोडू नये.

रॅमने भागले नाही, तर सीमॉस रीसेट करतात, म्हणजे बायॉसची सेटिंग मूळपदावर आणतात. मॅन्युअलमध्ये दाखवलेला जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) वापरावा, किंवा वायर काढलेली असताना सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल थोडा वेळ बाहेर ठेवावा. चुकीच्या सेटिंगने अडलेला बोर्ड यानंतर पुन्हा सुरू होतो.

तरीही पडदा काळाच असेल, तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवतात आणि प्रोसेसर, कूलर, एक रॅम, चित्रासाठी लागणारे ग्राफिक्स आणि एसएमपीएस एवढ्यावरच चालवून पाहतात. इथे चित्र आले, तर दोष काढून ठेवलेल्या भागांत किंवा बोर्डाखाली चुकीच्या जागी राहिलेल्या स्टँडऑफमुळे (बोर्ड टेकवणाऱ्या धातूच्या खुंटीमुळे) होणाऱ्या शॉर्टमध्ये असतो. मग एकेक भाग जोडत जावे. दोन एकदम जोडले तर शोध पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांतला दोषी कोण, हे ओळखणे सर्वांत अवघड. प्रोसेसर क्वचितच मरतो. बोर्डाच्या सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा जुन्या बोर्डांवरचे फुगलेले कपॅसिटर जास्त वेळा सापडतात. भाग अदलाबदल करून पाहायचे असतील, तर एसएमपीएसची खात्री आधी करून घ्यावी, कारण बिघडलेला एसएमपीएस चांगला बोर्डही जाळू शकतो. त्याचे झाकण मात्र उघडू नये: आतले मोठे कपॅसिटर वायर काढल्यावरही जिवावर बेतेल इतका भार धरून ठेवू शकतात.