कॉन्सर्ट फिल्म (थेटरात बघण्याची प्रथा, मराठवाडा)

एखाद्या गायकाचा किंवा बँडचा स्टेजवरचा कार्यक्रम बऱ्याच कॅमेऱ्यांनी शूट करून, एडिट करून, तिकीट लावून थेटरात दाखवतात तो सिनेमा म्हणजे कॉन्सर्ट फिल्म. यात स्टोरी नसते, गाण्यामागून गाणं चालू असतं आणि बघणारेही सोबत गातात, नाचतात. मराठवाड्यात हा प्रकार मुख्यतः छत्रपती संभाजीनगर (जुनं औरंगाबाद) आणि थोडाफार नांदेड-लातूरच्या मल्टिप्लेक्सपुरता आहे. घरी बसून लाइव्ह बघणं, जसं २६ जानेवारी २०२५ ला कोल्डप्लेचा अहमदाबादचा शो लोकांनी हॉटस्टारवर बघितला, ते यात धरत नाहीत.

पहिली कॉन्सर्ट फिल्म कोणती यावर अभ्यासकांचं आजही जमत नाही. एक पक्ष व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिनच्या 'कॉन्सर्ट मॅजिक'कडे बोट दाखवतो. ती १९४७ मध्ये हॉलिवूडला चार्ली चॅप्लिनच्या स्टुडिओत शूट झाली, १९४८ ला लोकांसमोर आली, लांबीला पूर्ण सिनेमाएवढी आणि तिच्यात संगीताशिवाय दुसरं काही नाही, म्हणजे कागदावर दावा पक्का. पण स्टुडिओत समोर पब्लिकच नव्हतं, आणि पब्लिक नाही तर ती कॉन्सर्ट कसली, असं दुसऱ्या पक्षाचं म्हणणं. त्याच्याही आधीची १९४४ ची 'जॅमिन द ब्लूज' आहे, पण ती जेमतेम दहा मिनिटांची, म्हणून तिला सहसा बाजूलाच ठेवतात. दुसरा पक्ष 'जॅझ ऑन अ समर्स डे' पुढे करतो. १९५८ च्या न्यूपोर्ट जॅझ फेस्टिव्हलवर बर्ट स्टर्न या फोटोग्राफरनं केलेली ही फिल्म, आणि हिचं साल कुठं १९५९ तर कुठं १९६० दिसतं ते व्हेनिसला आधी दाखवली आणि अमेरिकेत थेटरला नंतर लागली म्हणून. हिच्यात पब्लिक आहे, पण ते बहुतेक शांत बसून ऐकणारं, उन्हाळी टोप्या घातलेलं.

तिसरा दावा 'टी.ए.एम.आय. शो'चा, ऑक्टोबर १९६४, कॅलिफोर्नियात सांता मोनिकाचं सभागृह, स्टेजवर जेम्स ब्राउन, चक बेरी, बीच बॉइज, रोलिंग स्टोन्स. तिकिटं आसपासच्या हायस्कूलच्या पोरापोरींना फुकट वाटली होती आणि त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत किंचाळून किंचाळून थेटर डोक्यावर घेतलं. शूटिंगला इलेक्ट्रॉनोव्हिजन नावाचं तंत्र होतं, म्हणजे टीव्हीसारखे इलेक्ट्रॉनिक कॅमेरे, पण जास्त रेषांचे म्हणजे जास्त स्पष्ट चित्र देणारे, कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र घ्यायचं ते डायरेक्टर स्टीव्ह बाइंडर तिथल्या तिथं ठरवणार आणि मग ते फिल्मवर उतरवणार. एडिटिंग जवळपास जाग्यावरच उरकलेलं. सालाच्या हिशेबानं हा दावा मागं पडतो, पण आज मुलं थेटरात जे करतात त्याचा खरा पूर्वज हाच म्हणावा लागतो, कारण इथं पब्लिकचा आवाज हा सिनेमाचाच भाग झाला.

पुढं 'वुडस्टॉक' (१९७०) आली, तीन तासांची, एकाच पडद्यावर दोन-तीन चौकटी, ऑस्करही मिळालं. तिच्याबद्दल सगळीकडं भरपूर लिहिलेलं आहे.

आपल्याकडच्या वाचकाला जवळची वाटेल ती १९६८ ची 'मॉन्टेरी पॉप'. तिचा शेवट रविशंकर आणि अल्लारखांवर होतो, फिल्ममध्ये भीमपलासी म्हणून नोंदवलेलं वादन सुमारे पाव तास चालतं आणि कॅमेरा बराच वेळ ऐकणाऱ्यांच्या तोंडावरच फिरत राहतो. १ ऑगस्ट १९७१ च्या बांगलादेश मदत कॉन्सर्टची फिल्म १९७२ ला आली, तिच्यात सतार-सरोद नुसते सुरात लावून होतात तोच लोक टाळ्या वाजवतात, आणि रविशंकर त्यांना हसून म्हणतात की सूर लावणं एवढं आवडलं तर पुढचंही आवडेल. भारतात थेटरसाठी मुद्दाम केलेली पहिली कॉन्सर्ट फिल्म म्हणून ए. आर. रहमानच्या 'वन हार्ट'चं (२०१७) नाव घेतात.

तंत्राबद्दल थोडं. पडद्यावर एक रात्र दिसते पण शूटिंग सहसा एकाहून जास्त रात्रींचं असतं, म्हणून कपडे, केस, माइकची जागा सगळं रोज तसंच ठेवावं लागतं, नाहीतर एकाच ओळीत जॅकेटचा रंग बदलायचा. टॉकिंग हेड्स बँडची 'स्टॉप मेकिंग सेन्स' (१९८४) डिसेंबर १९८३ मध्ये हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात शूट झाली, तीन रात्री की चार यावर आकडे वेगवेगळे मिळतात, अलीकडं चारकडं कल दिसतो. तिच्यात डायरेक्टर जोनाथन डेमीनं प्रेक्षक जवळजवळ शेवटापर्यंत दाखवलेच नाहीत, म्हणजे थेटरातलं पब्लिक हेच तिचं पब्लिक. आवाजाचं काम वेगळंच, प्रत्येक वाद्याचा ट्रॅक स्वतंत्र, गर्दीसाठी वेगळे माइक, आणि मिक्सिंग करताना गर्दीचा आवाज बाजूच्या अन् मागच्या स्पीकरला सोडतात. मागून कुणीतरी ओरडलं असं वाटून माणसं वळून बघतात ती यामुळंच.

पॉप स्टारच्या फिल्मांना बाजार आला तो २००८ नंतर, मायली सायरसची थ्रीडी, २००९ ला मायकल जॅक्सनची 'धिस इज इट', २०११ ला जस्टिन बीबर. १२ मार्च २०२२ ला बीटीएस या कोरियन बँडचा सेऊलचा कार्यक्रम ७५ देशांतल्या ३,७११ थेटरांत दाखवला गेला आणि सुमारे ३.२६ कोटी डॉलर जमले. अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टची 'द एराज टूर' अमेरिकेत १३ ऑक्टोबर २०२३ ला लागली, मोठा स्टुडिओ मध्ये न घेता थेट एएमसी या थेटरवाल्यांशी करार, मोठ्यांचं तिकीट १९.८९ डॉलर (टेलरचं जन्मसाल १९८९) आणि जगभरची कमाई २६ कोटी डॉलरच्या वर. भारतात ती ३ नोव्हेंबर २०२३ ला पीव्हीआर आयनॉक्सनं आणली. वितरकच मल्टिप्लेक्सवाला म्हटल्यावर फिल्म कुठं लागणार हे उघड होतं.

मराठवाड्याचा मुद्दा इथंच येतो. थेटरात नाचणं आपल्याला नवं नाही. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाचे फड आणि तंबूतला सिनेमा शेजारी शेजारी असायचे, एकीकडं वन्समोअर, दुसरीकडं शिट्ट्या. १९७५ च्या 'जय संतोषी माँ'ला बाया चपला बाहेर काढून आत जायच्या आणि पडद्यावर पैसे उधळायच्या. औरंगाबादच्या अंजली, सादिया, अंबा-अप्सरा या टॉकीजांत पिटातलं (पडद्याजवळच्या स्वस्त जागांवरचं) पब्लिक कधी गप्प बसलं नाही. त्यावरून कॉन्सर्ट फिल्म ही त्याच परंपरेतली असं म्हणायचा मोह होतो, पण ते जरा ओढूनताणून आहे. पिटातली शिट्टी आपोआप यायची, इथं नाचायची परवानगी आधीच जाहीर केलेली असते, फक्त सीटवर चढायचं नाही, पॅसेज अडवायचा नाही आणि पडदा शूट करायचा नाही.

प्रत्यक्षात असं दिसतं: पब्लिक बहुतेक कॉलेजच्या आणि क्लासच्या मुली, सोबत एखादी आई किंवा दादा. स्विफ्टच्या चाहत्यांच्या हातात अक्षरांच्या मण्यांची ब्रेसलेटं, अनोळखी मुलीसोबतही अदलाबदल करायची, मणी-दोरा गुलमंडीच्या बाजारात मिळतोच. के-पॉपवाल्यांकडं (कोरियन पॉपच्या चाहत्यांकडं) लाइटस्टिक, म्हणजे हातात धरायची दिव्याची कांडी, नसली तर मोबाईलचा टॉर्च. पहिली दोन-तीन गाणी सगळे खुर्चीतच गातात, मग कुणीतरी एक जण पुढं पडद्याखालच्या मोकळ्या जागेत उतरते आणि तिच्यामागं रांग लागते, तेवढ्यात पॉपकॉर्नचा ट्रे घेऊन आलेला पोऱ्या मधेच अडकतो. मूळ फिल्मला इंटरव्हल नसतो, आपल्याकडं तो घातला जातो आणि कुठंही पडतो, अगदी रंगात आलेल्या गाण्यानंतर, यावर चाहत्यांचा राग कायम.

शो मोजकेच, बहुतेक वीकएंडचे, आणि रेट नेहमीच्या सिनेमाहून चढा. संभाजीनगरला प्रोझोन मॉलकडं जालना आणि बीडचीही मुलं येतात, परतीची शेवटची एसटी बघून दुपारचाच शो धरतात. नांदेडकरांची गोष्ट वेगळी, त्यांना मोठा पडदा हवा असला तर हैदराबाद सोयीचं पडतं, रात्रभराच्या गाडीचा प्रवास आणि राहायला कुणीतरी नातेवाईक. परभणीचे दोन्हीकडं विभागलेले. हिंगोली, धाराशिवकडचे बहुतेक जण फिल्म ओटीटीवर यायची वाट बघतात.